उसाचे धनी, मेथीचे गिऱ्हाईक



लागणीच्या नोंदी आणि प्लॉट-पाहणीच्या निमित्ताने आम्हा शेती खात्याच्या माणसांना वर्षभर गावोगाव हिंडावे लागते. अलीकडे एक गोष्ट वारंवार नजरेस येते. ज्याचा चार-पाच एकर ऊस उभा आहे, तोच सभासद आठवडी बाजारात मेथीच्या पेंडीला भाव विचारत असतो. शेंगदाणे दुकानातले, हरभऱ्याची डाळ दुकानातली, लसूण बाजारातला. रानात पाणी आहे, घरात माणसं आहेत, तरी कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत! उसाचे बिल हप्त्याने येते, पण भाजीला पैसा रोज आणि रोख जातो. उसाच्या धन्याला हे शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही उसाविरुद्ध बोलतो असे कोणी समजू नये. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. पुढे पाणी आले, उपसा योजना झाल्या, ऊस वाढला आणि त्या उसावर मुलांची शिक्षणे झाली. आमची भाकरीदेखील उसावरच आहे. पण बांधापासून बांधापर्यंत ऊस झाला आणि चुलीकडे जाणारी वाट बंद झाली. पूर्वी जोंधळ्यात तूर, चवळी, पावटा, अंबाडी मिसळून पेरीत. एका रानातून भाकरी, कालवण आणि जनावरांची वैरण निघे. भांगलायला गेलेली बाई ओट्यात तांदळी, घोळ, पाथरी, कुर्डू घेऊन घरी येई. आज यांना आपण तण म्हणतो आणि त्यावर पंप मारतो.

याचा परिणाम ताटात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, पण पालेभाजी, कडधान्य आणि नाचणी ताटातून कमी होणे हे त्यातले एक आहे. माणशी दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाजी-फळे पोटात जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच माणसांच्या घराला हा हिशेब दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो होतो. एवढे विकत घेणे कोणाला परवडेल? म्हणून कालवणात बटाटा वाढतो आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो.

यावर उपाय आपल्या सरीतच आहे. ऊस पहिले तीन-चार महिने सावकाश वाढतो. तेवढ्या काळात सरीच्या बगलेची जागा, पाणी आणि ऊन रिकामेच असते. जुलै-ऑगस्टच्या आडसाली लागणीत भुईमूग, सोयाबीन किंवा चवळी घ्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुरू उसात उन्हाळी भुईमूग घेता येतो. आंतरपिकाला त्याचे खत वेगळे द्यावे आणि मोठ्या बांधणीपूर्वी ते रानाबाहेर काढावे. भुईमूग, चवळी, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, आणि पाला सरीत गाडला की उसालाच खत होते. दोडका, कारले, घेवडा असे वेल मात्र उसात लावू नयेत, ते उसावर चढतात. त्यांची जागा बांधावर. मोटारीच्या खोलीजवळ एक शेवगा, एक लिंबू, एक कढीपत्ता आणि दोन पपया लावाव्यात.

ज्याला सगळ्या रानात आंतरपीक जमत नाही, त्याने घराजवळचा एक गुंठा तरी राखावा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद; एकराचा चाळिसावा हिस्सा. त्यात दर पंधरा दिवसांनी एक वाफा मेथी, शेपू, माठ किंवा पोकळा टाकत गेले की ताट कोरडे राहत नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. उसासाठी मारलेले २,४-डी रुंद पानाच्या प्रत्येक रोपाला मारते. जिथे ते मारायचे तिथे आंतरपीक घेऊ नये, आणि फवारलेल्या रानातली घोळ-पाथरी खुडून खाऊ नये. भाजीचा तुकडा खुरप्यानेच राखावा. फवारणी करायची तर वारा बघून, भाजीपासून लांब.

आता चुलीचे बघू. रानात जे असेल ते ताटात, ही रीत आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात अंबाडी आणि कुर्डू, थंडीत हरभऱ्याचा खुडलेला पाला, भोगीला वांगी-पावटा-गाजराची मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. उन्हाळ्यात भाजी कमी पडते, तेव्हा सांडगे, हुलग्याची आमटी आणि थंडीत वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला. डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी तर आपल्या घराची ओळख. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला आणि कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जगाने ज्याची दखल घेतली ते आपण सोडायचे आणि पाकिटातले मसाले आणायचे, हा व्यवहार कुठला?

पुरुष सभासद इथे मान डोलावतील. त्यांना आमचे दोन शब्द. घरचे ताजे जेवण म्हणजे बाईच्या माथी आणखी काम, असा अर्थ होणार असेल तर हा लेख वाचला नाही असे समजा. दिवसभर भांगलून आलेल्या बाईने पुन्हा भाजी खुडायची, निवडायची, लसूण सोलायचा आणि भाकरी थापायची, आणि आपण कट्ट्यावर बसून चव सांगायची, हे चालणार नाही. सरी ओढताना भाजीची सरी पुरुषाने धरावी. पाण्याची पाळी देऊन येताना भाजी त्यानेच खुडून आणावी. निवडायला पोरांना बसवावे. बाकी रांधायला बाई आहे, तीही माणूसच आहे. कधी आपणही पिठात हात घालावा.

"साहेब, गुंठाभर भाजीनं काय पदरात पडणार?" असे आम्हाला नेहमी विचारतात. विकायला गेलात तर फारसे नाही. पण ते विकायचे नाहीच. बाजाराला जाणारे पैसे घरात राहतील, फवारा कधी मारला आणि खत काय घातले हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि पोर शाळेतून आले की हाताला शेंगा लागतील. उसाचे टनेज काट्यावर दिसते, हे ताटात दिसेल.

येत्या लागणीला नोंद करायला गटाचा कर्मचारी येईल. उसाची जात सांगताना आंतरपीक कोणते घेणार तेही त्याला सांगा. बियाण्याची किंवा मांडणीची शंका असेल तर शेती खात्यात या, आम्ही रानावर येऊन बघू. चहाऐवजी ताक आणि शेंगाची चटणी चालेल, घरच्या शेंगांची असली म्हणजे झाले.