भरमारीचा हिशेब कोण देणार?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवादी म्होरक्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. एके-४७ किती, इन्सास किती, याची मोजदाद सर्वांनी केली आणि ती योग्यच होती. परंतु अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या हाती सर्वप्रथम पडले ते शस्त्र रशियन बनावटीचे नव्हते. ते वनवासी शेतकऱ्याच्या झोपडीतील आढ्याला टांगलेले होते. त्याचे नाव भरमार.

भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून हाताने भरायची बंदूक. दारू ओतायची, वर बोळा, मग शिशाचे छर्रे, गजाने ठासायचे आणि टोपी चढवून घोडा ओढायचा. युरोप-अमेरिकेतही हौशी शिकारी व दूर पल्ल्याचे नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. मात्र तेथे दारूचा कण न् कण काट्यावर तोलला जातो आणि प्रत्येक माप वहीत नोंदले जाते. अहेरीच्या रानात माप म्हणजे तळहात. दारू दमट निघाली तर बार फुसका, अंदाज चुकला तर नळी फाटणार आणि बोटे जाणार. शिवाय आतून गुळगुळीत असलेल्या त्या नळीचा नेम काही पावलांपलीकडे टिकत नाही. असे हे दीनवाणे हत्यार शेतकरी जपत आला तो हौसेखातर नव्हे, तर रात्री धानात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. त्याच बंदुकीने हरणे-चितळेही पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. चोरटी शिकार हा गुन्हाच आहे आणि त्याची भलामण कोणी करू नये.

१९८० मध्ये सिरोंच्याच्या बाजूने, आंध्रातून नदी ओलांडून आलेल्या दलमांनी या भरमारी ओळखल्या. कोठे धाकाने, कोठे गोडीगुलाबीने त्या गोळा झाल्या आणि ‘जनमिलिशिया’ या भारदस्त नावाखाली गावातल्याच पोरांच्या खांद्यावर चढल्या. पुढाऱ्यांच्या हाती स्वयंचलित रायफल, गोंड-माडिया पोराच्या हाती भरमार! पोलिसांच्या आधुनिक शस्त्रांपुढे त्याला पुढे ढकलणाऱ्यांना शहरी विचारवंत क्रांतिकारक म्हणत राहिले. समतेचा डांगोरा पिटणाऱ्या चळवळीतील ही शस्त्रांची उतरंड त्यांच्यापैकी कितीजणांना बोचली?

आता गेली काही वर्षे गावकरी आपणहून भरमारी पोलिसांकडे जमा करीत आहेत. या धैर्याचे कौतुक झालेच पाहिजे. पण बंदूक जमा करून परतलेल्या शेतकऱ्याच्या धानाची राखण कोण करणार, हा प्रश्न त्या समारंभात विचारला जात नाही.

या भूमीला नि:शस्त्रीकरण नवे नाही. मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये याच परिसरात इंग्रजांना जेरीस आणले. अहेरीच्या जमीनदारीणीवर दबाव आणून इंग्रजांनी त्यांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिली. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, लिटनचा शस्त्र कायदा आला. देशी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला सूट! इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांत हे सर्वांत काळे, असे खुद्द गांधीजींचे मत होते.

स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला तेव्हा मात्र संसदेला शेतकऱ्याची आठवण होती. या कायद्याचे कलम १३ उघडून पाहावे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नळीतून भरायच्या बंदुकीचा परवाना, अन्य कायदेशीर अडचण नसेल तर, द्यावा असे त्यात नि:संदिग्ध म्हटले आहे. अशी बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला वाटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही मुभा आहे. त्याच कलमात, लगेच पुढच्या ओळीत, मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्यांना सरावासाठी पॉइंट बावीस रायफलीची सोय आहे. शहरातील नेमबाजाने ती सोय वापरली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, याचा अभिमान कोणाला नाही? परंतु वरच्या ओळीतला शेतकरी वरच्या ओळीतच राहिला. अहेरीहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे कार्यालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर, सिरोंच्याहून त्याच्या जवळपास दुप्पट. ज्याची भाषा गोंडी वा माडिया, त्याने तेथवर जाऊन कोणता अर्ज, कोणत्या भाषेत, कोणाच्या ओळखीने भरावा?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक झालेला प्राणी मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. रानडुकराचा समावेश आता अनुसूची दोनमध्ये असला, तरी हा मार्ग बंद नाही. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील रानडुकरांना मारण्यावरून दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. प्राणिप्रेमींचा कळवळा समजू शकतो. मात्र मचाणावर जागली करणारा शेतकरी त्या वादात कोठेच नव्हता. परवाना नाही, बंदूक नाही, म्हणून विदर्भात अनेक ठिकाणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडला जातो. त्यात वाघ मरतात आणि शेजारच्या बांधावरून अंधारात येणारा माणूसही मरतो. भरमारीपेक्षा ही तार अधिक सुरक्षित, असे कोणता अधिकारी म्हणेल?

नक्षलवाद्यांचा धाक ओसरत असताना भरमार जप्त करणे सोपे आहे. त्यापेक्षा अहेरीच्या उपविभागीय कार्यालयात परवान्याची खिडकी उघडावी. अर्जाचा नमुना गोंडी जाणणाऱ्या माणसाच्या साहाय्याने भरून घ्यावा, बंदुकीची तपासणी करावी, दारूचा हिशेब ठाण्यात ठेवावा. तसे करायचे नसेल तर वनखात्याने स्वतःचे नेमबाज घेऊन धान पोटरीला येण्याच्या दिवसांत शेतावर उभे राहावे. या दोहोंपैकी काय होणार, हे पुढच्या हंगामापूर्वी ठरायला हवे.