ऑपरेशनला वर्गणी, गोळ्यांना सल्ले

आपल्याकडे कुणाचं किडनी बदलायचं ऑपरेशन ठरलं की पैसा उभा राहतो. जुम्याच्या नमाजनंतर रुमाल पसरला जातो. बारामतीचे दुकानदार देतात, इंदापूरचे पाहुणे देतात, सौदीतला मावसभाऊही काही पाठवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला, त्याचाही आधार असतो. माणूस पुण्याहून घरी येतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच मोहल्ला त्याच्या गोळ्यांच्या मागे लागतो.

"अब तो अच्छे हो गए ना भाई, फिर इत्ती गोलियां कायकू?" हे वाक्य मी किती ओट्यांवर ऐकलं, मोजदाद नाही. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, हे मान्य. पण या मायेपायी चालती किडनी बंद पडू शकते, म्हणून माझं भांडण या वाक्याशीच आहे.

तो "अच्छा" झालाय तो गोळ्यांमुळे. शरीरातल्या पांढऱ्या पेशींचं कामच परक्यावर तुटून पडायचं. बसवलेली किडनी त्यांच्या लेखी परकीच, दहा वर्षांनंतरही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधं त्या पेशींना आवरून धरतात. डोस चुकत गेले की पेशी मोकळ्या होतात. वाईट हे की सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवी होते, भूक लागते, माणूस बाजाराला जाऊन येतो, आणि आत क्रिएटिनिन चढत असतं. पाय सुजेपर्यंत थांबलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पुन्हा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. दुसरी किडनी मिळवणंही अवघड होतं, कारण पहिलीशी लढताना शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी दुसरीच्याही आड येतात.

"सगी मां की किडनी है, पराई कैसी?" हाही एक युक्तिवाद. भावनेला धरून आहे, शरीरशास्त्राला धरून नाही. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं तेव्हा देणारा आणि घेणारा हुबेहूब जुळे भाऊ होते, म्हणून पेशींना परकं असं काही दिसलंच नाही. आईचं आणि मुलाचं निम्मंच जुळतं. उरलेल्या निम्म्यासाठी गोळ्या.

मग काढेवाले येतात. ताकद वाढवणारा काढा, प्रतिकारशक्तीचं चूर्ण, गुळवेल. अरे बाबा, या माणसाची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम कमी ठेवली आहे आणि तुम्ही ती वाढवायला निघालात! २०२० साली, करोनाच्या दिवसांत, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञ पाहतील, पण ज्याच्या अंगात दुसऱ्याचा अवयव आहे त्याने असले प्रयोग करायचे कशाला? आणि "इंग्लिश दवा, केमिकल" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगतो, टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. मातीतलंच आहे.

या औषधाची मात्रा फार काटेकोर असते. जास्त झालं तर तेच औषध किडनीला बाधतं, कमी पडलं तर किडनी नाकारली जाते. टीबीचं रिफाम्पिसिन रक्तातली त्याची पातळी एकदम पाडतं, बुरशीवरच्या काही गोळ्या ती वाढवतात. म्हणून गावातल्या दवाखान्यात साध्या खोकल्यासाठी गेलात तरी आधी सांगा, किडनी बदललेली आहे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणू नका. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं पाकीट पुढे केलं तर आधी डॉक्टरांना फोन. आणि लेव्हल तपासायला पहाटेच्या एसटीने पुण्याला निघाल तेव्हा सकाळची गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर रिपोर्ट भलताच येतो आणि पुढचा सगळा डोस त्या चुकीच्या आकड्यावर ठरतो.

आता रमजान. इथे मला माझ्याच माणसांशी स्पष्ट बोलायचं आहे. गोळी बारा-बारा तासांनी असते. मे-जूनमधला आपल्याकडचा रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो. सहरी आणि इफ्तारला गोळी घेतली तर दिवसाचं अंतर साडेचौदा तास आणि रात्रीचं साडेनऊ. वर पाणी बंद. ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा काहींना डॉक्टर दिवसातून एकदा घ्यायचं औषध देऊन, रक्त तपासत राहून रोज्याची परवानगी देतात. तो निर्णय डॉक्टरांचा. सासऱ्यांचा नाही, शेजारच्या हाजीसाहेबांचाही नाही. सूरह बकराने आजाऱ्याला सवलत दिलेली आहे, कायमच्या आजाऱ्याला फिदिया आहे. जी सवलत अल्लाहने दिली ती नाकारायला लावणारे तुम्ही कोण? आणि रोजा न ठेवणाऱ्या आजाऱ्याकडे दस्तरखानावर तिरकं पाहणं ही कसली परहेजगारी?

आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत. अम्मीने दिली, बायकोने दिली, बहिणीने दिली. एका किडनीवर ती पुन्हा भाकऱ्या थापायला बसते. "छोड दे गोलियां" म्हणणाऱ्याने ते तिच्या समोर म्हणून दाखवावं.

पण सगळा दोष ओट्यावर टाकून मी मोकळा होणार नाही. पुष्कळ घरांत गोळ्या सुटतात त्या पैशापायी. ऑपरेशन एकदाच होतं, गोळ्यांचा खर्च दर महिन्याला असतो. उसाचं बिल लांबलं की दोनाची एक होते, आणि हे लाजेपोटी कुणी डॉक्टरांनाही सांगत नाही. चौथ्या वर्षी या घरासाठी रुमाल पसरलेला मी तरी पाहिलेला नाही. ऑपरेशनच्या वर्गणीत नाव वाचलं जातं, महिन्याच्या औषधात कुणाचं वाचायचं?

जकात रमजानमध्येच एकरकमी वाटायची सवय आपल्याला लागली आहे. पण येणाऱ्या वर्षाची जकात आगाऊ देता येते, हे बहुतेक आलिम सांगतात. मग ज्या घराला जकात लागू होते त्याची गोळ्यांची चिठ्ठी मेडिकलवाल्याकडे ठेवा आणि चार जणांनी वाटून दर महिन्याचं बिल तिथेच भरा. गैरमुस्लिम शेजारी असेल तर सदका आहेच. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा प्रश्न आला, "गुरुजी, दर महिन्याचा हिसाब कौन रखेगा?" ऑपरेशनच्या वर्गणीचा ज्यांनी ठेवला होता ते तिथेच, पहिल्या रांगेत बसले होते.