पाय कोणाचा, क्लच कोणता?

कला शाखेच्या वार्षिकात क्लचवरील लेख पाहून आमच्या मराठीच्या सरांच्या भुवया वर जाणार, हे धरूनच लिहायला बसलो आहे. पण पालेगावच्या नाक्यावर संध्याकाळी ज्या चर्चा झडतात, त्यांत कादंबऱ्यांपेक्षा गाड्यांचा भरणा अधिक असतो, हे आपण सारेच जाणतो. आणि ज्या विषयावर माणसे वर्षाची शिल्लक उधळतात, त्यावर दोन शब्द लिहायला हरकत नसावी.

ज्या प्रीमियर कंपनीचा एक कारखाना आपल्या शेजारी डोंबिवलीजवळ होता, तिच्या पद्मिनीची ताकद चाळीसेक अश्वशक्ती. तेवढ्यावर मुंबईची टॅक्सी 2023 पर्यंत धावली. 2004 साली आपल्याकडे आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 150 अश्वशक्तीची होती. आता टर्बो घरोघरी आले. इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलली की, बॉनेटखालचा एक स्क्रूही न हलवता, ताकद वाढते. याला ‘रिमॅप’ म्हणतात. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तेच केले. कारखान्यातून निघताना गाडीचा जोर 175 न्यूटन-मीटर होता, तो मोजणीत 235 भरला. पंधरवड्यात क्लच सुटू लागला. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उसळतो, वेगाचा काटा जागीच. मागून जळका वास.

नाक्यावर निदान झाले आणि लगेच औषधही ठरले: “सिरॅमिक टाक!” माझा विरोध आहे तो याला.

पहिला घोटाळा शब्दांचाच आहे. जो तो अश्वशक्ती विचारतो. क्लचला मात्र अश्वशक्तीशी कर्तव्य नाही, त्याला कळतो तो फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क. 200 न्यूटन-मीटरचा जोर 3000 फेऱ्यांना सुमारे 85 अश्वशक्ती होतो आणि 6000 फेऱ्यांना 170. क्लचवरचा भार दोन्ही वेळी तोच. टर्बोचे इंजिन हा जोर खालच्याच फेऱ्यांत एकदम देते, म्हणून क्लच तिथेच उघडा पडतो.

हिशेब अवघड नाही. क्लचप्लेटला दोन तोंडे. घर्षणाचा अंक, स्प्रिंगचा दाब आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करून दुप्पट करायचा. उदाहरणादाखल घर्षण 0.3, दाब 4000 न्यूटन, त्रिज्या 9 सेंटिमीटर धरा. उत्तर 216 येते. 235 पुढे ते कसे टिकणार? आता वाटा दोन. त्रिज्या वाढवता येत नाही, कारण घंटेच्या आकाराच्या त्या घरात जागाच नसते. स्प्रिंगचा दाब 5000 केला तर 270 मिळतात, पण पेडल साधारण त्याच मानाने जड होते. किंवा दाब तोच ठेवून सिरॅमिकचे तुकडे बसवलेली प्लेट घ्या. घर्षण 0.4 धरले तर 288. पेडल हलकेच राहते. सिरॅमिकवाल्यांचे एवढे म्हणणे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र ते शर्यतीच्या मैदानावर. सिरॅमिकला ‘हाफ क्लच’ समजत नाही. तो धरतो किंवा सोडतो. काटई-बदलापूर रस्त्यावर कंपन्या सुटण्याच्या वेळी, किंवा महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या वाटेवर, गाडी तासभर हाफ क्लचवरच सरकत असते. तिथे सिरॅमिक दर हाताला हिसका देतो आणि फ्लायव्हीलही लवकर खातो. साध्या ऑरगॅनिक लायनिंगमध्ये तंतू आणि राळ असते. ते घसरणे सोसते, मऊ धरते, फार तापले की ढिले पडते. केव्हलर मधला, पण एकदा तापून गुळगुळीत झाला की त्याची पकड जाते. दोन प्लेटांचा क्लच हा श्रीमंती उपाय. त्याची किंमत ऐकून दादानेच विषय बदलला.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. सुटणारा क्लच गिअरबॉक्सला वाचवत असतो, घरातल्या फ्यूजसारखा. तो अतोनात बळकट केलात की पुढचा घाव गिअरच्या दात्यांवर पडतो. म्हणून हव्या तेवढ्याच्या वर 15 टक्के पुरे. 235 ला 270. याहून मोठे आकडे पेटीवर छापलेले असतात, ते छापणाऱ्याला लखलाभ!

खरे तर सर्वांत स्वस्त उपाय असा की रिमॅप थोडा उतरवून जोर 200 वर आणावा आणि मूळ क्लचच्या जातीचाच नवा बसवावा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीपत्राशी विसंगत फेरफारांना मनाई करते. नोंदणीपत्रात क्लचचा रकाना नाही, पण इंजिनाशी खेळणाऱ्याने ते कलम एकदा वाचावे. दादाने हा उपाय ऐकूनही घेतला नाही. तरुण रक्त म्हणावे, तर तो पस्तिशीचा आहे.

मग पेडल जड की हिसका? इथे आमच्या घरात वाद पेटला. कारण ही गाडी एकटी दादाची नाही. आठवड्यातून दोनदा आजीला डायलिसिससाठी उल्हासनगरला न्यावे लागते. दादा शिफ्टवर असतो, वहिनी नेते. परतताना आजी मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली असते. “आजींना चालेल तो घाला,” वहिनी म्हणाली. “पेडल जड झालं तर मी बघीन. पण दर सिग्नलला त्यांची मान हिसकली तर मी गाडीला हात लावणार नाही.” नाक्यावरच्या साऱ्या तज्ज्ञांना जे सुचले नाही, ते दोन वाक्यांत मिटले. पूर्ण तोंडाची ऑरगॅनिक प्लेट, मध्ये स्प्रिंगा असलेली, आणि थोडी कडक प्रेशर प्लेट.

येत्या रविवारी गिअरबॉक्स उतरेल. रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवे घालायचे आहे, कारण त्या शेपाचशेच्या बचतीसाठी पुन्हा सगळे उतरवणे म्हणजे मजुरीचा दुप्पट भुर्दंड. फ्लायव्हील तपासून घ्यायचे. नंतरचे 500 किलोमीटर गाडी शहरातच, सबुरीने, जोर न लावता चालवायची, म्हणजे लायनिंग बसते. ते दादाच्याने होणार नाही, यावर घरात एकमत आहे. तेवढे दिवस किल्ली वहिनीकडे राहील.