गल्लीतला परका

फजरच्या नमाजला घरातून निघालो की कोपऱ्यावरच्या बंद पानठेल्याखाली पाच कुत्री पडलेली दिसतात. मी त्यांच्या रोजच्या ओळखीचा. एखादं कान हलवतं, बाकीची डोळे उघडण्याचीही तसदी घेत नाहीत. अजान सुरू झाली की त्यातलं एक म्हातारं कुत्रं मान वर करून लांब सूर लावतं. आमच्या गल्लीला त्याची इतकी सवय झाली आहे की कोणी लक्षही देत नाही.

यंदा थंडी संपता संपता एका पहाटे या पाचांमध्ये सहावी आली. भुऱ्या रंगाची कुत्री. शेपटी पोटाशी घातलेली, अंग भिंतीला चिकटवलेलं. जवळच एक रिकामं पोतं पडलं होतं. रात्री कुणीतरी तिला पोत्यात घालून आमच्या गल्लीत सोडून गेलं होतं. पुढचे तीन-चार दिवस गल्लीत नुसती भांडणं. चौथ्या दिवशी दुपारी शाळेतून परतणारा माझ्याच सहावीच्या वर्गातला एक मुलगा त्या पळापळीत सापडला आणि त्याच्या पोटरीला चावा बसला. मी पोचलो तेव्हा त्याच्या अम्मीने जखमेवर लावायला तिखट आणलं होतं. ते बाजूला ठेवायला लावलं, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि लगेच दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. अल्लाहच्या कृपेने पोरगा ठणठणीत आहे.

इशानंतर मोहल्ल्यातली मंडळी जमली. सगळ्यांचं एकच म्हणणं, "उठाओ और दूर कहीं छोड आओ." मी विचारलं, "भुरी इथे आली कशी?" कोणी बोललं नाही. दुसऱ्या एखाद्या मोहल्ल्यातल्या लोकांनीही असाच ठराव केला असणार. त्यांचा उपाय आमच्या दारात आला होता आणि आता आम्ही तो तिसऱ्याच्या दारात नेऊन टाकणार होतो.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही, भाषेचा मास्तर आहे. पण त्या दिवसापासून कुत्री एकमेकांना ओळखतात कशी, याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. भाषेच्या मास्तराला रस वाटावा असाच तो विषय आहे.

पहिली गोष्ट नजरेची. चिवावा आणि सेंट बर्नार्ड शेजारी उभे केले तर दोघं एकाच जातीचे प्राणी आहेत यावर आपला विश्वास बसणार नाही. कुत्र्यांचा बसतो. 2013 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी नऊ कुत्र्यांना संगणकाच्या पडद्यावर चेहऱ्यांची चित्रं दाखवली. त्यात नाना तऱ्हेची कुत्री होती आणि इतर प्राणी व माणसंही होती. वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही. तरी नऊच्या नऊ कुत्र्यांनी कुत्र्यांचे चेहरे वेगळे काढले.

पण खरी ओळख नाकाची. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात. बघून आपल्याला किळस येते. तिथल्या ग्रंथींच्या वासात नर की मादी, माजावर आहे का, ओळखीतला की परका, ही सगळी माहिती असते. विजेच्या खांबावर पाय वर करून जातात तीही निरोपाची पाटीच. मागून येणारा ती वाचतो आणि आपली सही करतो.

तिसरी गोष्ट अंगबोलीची. सभ्य कुत्रं दुसऱ्याकडे सरळ रेषेत चालून जात नाही. वळसा घेऊन, नजर चुकवत, कडेने येतं. डोळ्यांत डोळे घालून ताठ उभं राहणं ही धमकी असते. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि मागचा भाग वर ठेवला तर ते खेळाचं आमंत्रण. शेपटी हलली म्हणजे कुत्रं खूश, हेही अर्धंच खरं. इटलीतल्या संशोधकांना 2007 साली दिसलं की मालक समोर आला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगं कुत्रं समोर आलं की डावीकडे. 2013 साली त्यांनी पुढचं दाखवलं. डावीकडे झुकणारी शेपटी पाहून बघणाऱ्या कुत्र्याची छाती जोरात धडधडू लागते. म्हणजे हा फरक कुत्र्यांना आपसांत कळतो. गुरगुरण्याचंही तसंच. हाडूक राखतानाची गुरगुर वेगळी आणि खेळातली वेगळी. बुडापेस्टमध्ये दोन्ही ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या, तेव्हा हाडूक राखणारी गुरगुर ऐकून कुत्री हाडकापासून मागे सरली.

मी वर्गात पतरस बुखारींच्या 'कुत्ते' या लेखाबद्दल सांगतो. रात्रीच्या भुंकण्याला त्यांनी मुशायऱ्याची उपमा दिली आहे. मुलं पोट धरून हसतात. आता वाटतं, गंमत बाजूला ठेवली तर पतरस फार चुकले नव्हते. तिथे खरोखरच काहीतरी सांगितलं जातं आणि ऐकलं जातं.

आता भुरीकडे बघा. हुंगायला वेळ हवा, वळसा घ्यायला जागा हवी, नको असेल तर माघार घ्यायला वाट हवी. पोत्यातून थेट पाच जणांच्या राज्यात पडलेल्या कुत्रीकडे यातलं काहीच नव्हतं. तिथल्या एकाही खांबावर तिच्या ओळखीचा वास नव्हता. पाच जण तिच्यावर धावले, ती घाबरून धावली आणि मधे पोराची पोटरी आली.

म्हणूनच कुत्र्यांच्या नसबंदीचे जे नियम देशात आहेत, आधीचे 2001 चे आणि आताचे 2023 चे, त्यांचा गाभा सोपा आहे. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, ओळखीसाठी कानाला खाच करा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. शेवटचं कलम लोकांना सगळ्यात जास्त खटकतं. मला तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. जागा मोकळी झाली की बाहेरची, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात आणि ओळखीची लढाई पहिल्यापासून सुरू होते.

हा वाद नागपूरला नवा नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालायला मनाई केली. खाऊ घालायचं तर दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा, असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या त्या सक्तीला स्थगिती दिली. मग 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीबाबतचा आपला आधीचा आदेश बदलला. रेबीजची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीची लस देऊन मूळ जागी सोडा, असं सांगितलं. 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. शिक्षक म्हणून शाळेच्या आवाराबद्दलची काळजी मला समजते. चावा बसलेल्या पोराचा पाय मी हातात धरला आहे. पण निवारे म्हणजे पन्नास अनोळखी कुत्र्यांना एका खोलीत कोंबणं असेल, तर तिथे काय होईल हे आमच्या गल्लीने चार दिवसांत पाहिलं आहे.

माझ्या मुस्लिम वाचकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. कुत्र्याची लाळ नापाक, भांडं धुवावं लागतं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलं जातं आणि ते योग्यच आहे. पण आपल्या पोरांच्या डोक्यात मसला अर्धाच शिरतो. नापाक म्हणजे दगड मारायला मोकळीक, असं त्यांना वाटतं. असहाब-ए-कहफच्या गुहेच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसलेलं कुत्रं कुरआनात आहे. सूरह अनआममध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. बुखारी शरीफमधला तो वाटसरू आठवा. तहानेने ओला चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी तो पुन्हा विहिरीत उतरला, मोजा पाण्याने भरून तोंडात धरून वर आला आणि अल्लाहने त्याला माफ केलं. कपड्याला लाळ लागली तर धुता येते. मुक्या जिवाला मारलेल्या दगडाचा हिशोब साबणाने धुतला जात नाही. आणि माझ्या बाकीच्या वाचकांना कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मी काय सांगावेत?

अजून एक गोष्ट मनात आहे. माणसाची कुत्र्याशी तुलना करायची नाही मला. तरी राहवत नाही. बीएड झाल्यावर मी शहराच्या दुसऱ्या भागात खोली शोधत होतो. फोनवर माझं मराठी ऐकून घरमालक खूश झाले, "लगेच या" म्हणाले. दारात नाव सांगितलं आणि खोली सकाळीच दुसऱ्याला दिलेली निघाली. त्यांनी मला चहा विचारला असता, दहा मिनिटं बसवलं असतं, तर कदाचित ओळख झाली असती. आपणही कमी नाही. मोहल्ल्यात नवीन बिऱ्हाड आलं की पाण्याचा तांब्या पोचण्याआधी बिरादरी कोणती, मसलक कोणता याची चौकशी पोचते. अनोळखीला बघून कुत्र्याचेही केस उभे राहतात. पण त्याला वेळ आणि जागा मिळाली तर ते आधी हुंगून बघतं, मग ठरवतं. आपण नावावरच ठरवून मोकळे होतो.

त्या रात्री मोहल्ल्याने माझं ऐकलं, पण सहज नाही. भुरीला पकडून नेलं, नसबंदी झाली, लस झाली आणि ती आमच्याच गल्लीत परत आली. बाकी पाचांचंही एकेक करून चालू आहे. शाळेत मी एक तास मुलांना कुत्र्यांची भाषा शिकवली. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, खाताना किंवा पिल्लांजवळ असताना जवळ जायचं नाही, चावलं तर लपवायचं नाही. प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा असा तास व्हावा, एवढी माझी मागणी आहे. त्याला पैसे लागत नाहीत. ज्याला चावा बसला होता, तोच पोरगा त्या तासाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होता.

फजरला जाताना आता पानठेल्याखाली सहा जण असतात. भुरी अजून हातभर लांबच पडते. पण परवा म्हातारं कुत्रं उठून तिच्याजवळ गेलं, वळसा घालून हुंगलं आणि परत येऊन झोपलं. तिची शेपटी पोटाशी नव्हती.