खुर्ची सुटली, मैदान नाही

आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आता वेळ कसा जायचा?’ ही चिंता घरात शिरते. अशांनी आमोस अलोंझो स्टॅग या अमेरिकन प्रशिक्षकाचे चरित्र जरूर पाहावे.

१८६२ साली जन्मलेले स्टॅग पाद्री होण्याच्या इराद्याने येल विद्यापीठात गेले. तिथे ते अमेरिकन फुटबॉल खेळू लागले. हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा. यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडतात. १८८९ च्या पहिल्या ‘ऑल-अमेरिका’ संघात त्यांची निवड झाली. पुढे त्यांनी धर्मपीठाऐवजी मैदान पत्करले. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाचा दर्जा देऊन नेमले आणि ४१ हंगाम त्यांनी तिथे मुले घडवली.

सत्तरी आली तेव्हा विद्यापीठाने नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त केले. घरी बसण्याऐवजी १९३३ मध्ये ते कॅलिफोर्नियातील लहानशा ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’मध्ये रुजू झाले. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातील त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला.

१९४६ नंतर तेही पद गेले. त्यानंतरचे त्यांचे वागणे मला सर्वांत मोलाचे वाटते. पेन्सिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात त्यांचा मुलगा प्रशिक्षक होता. १९४७ पासून १९५२ पर्यंत हे वडील त्याच्या जोडीने राबले. नव्वदी ओलांडल्यावर पुन्हा कॅलिफोर्नियात येऊन एका छोट्या कॉलेजात ते मुलांना चेंडूला लाथ कशी मारावी, एवढेच शिकवत राहिले. १९६५ मध्ये, १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

निवृत्तीचा नियमच चुकीचा, असे मला म्हणायचे नाही. तरुणांना जागा मिळायलाच हवी. शिवाय स्टॅग यांच्यासारखी प्रकृती सर्वांना लाभत नाही. पण आपल्यापैकी अनेकांना काम सुटल्याचे दुःख कमी आणि मान सुटल्याचे जास्त असते. म्हणून मुलाच्या दुकानात हिशेब लिहायला किंवा शेजारच्या मुलांचे गणित घ्यायला कमीपणा वाटतो. स्टॅग यांची प्रत्येक नवी जागा आधीच्यापेक्षा लहान होती. त्यांनी ती आनंदाने घेतली, म्हणूनच त्यांना जवळजवळ तीस वर्षांचे काम जास्त मिळाले.