ईदीच्या पैशांतल्या पन्नास पिना

ईदला जमलेली ईदी माझ्या नवाशाने कशावर खर्च केली, हे मला ईदनंतर तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर कळले. तो अकरा वर्षांचा आहे आणि आई-वडिलांसोबत अमेरिकेत, फ्लोरिडात राहतो. त्याने कॅमेऱ्यासमोर एक पिशवी उपडी केली आणि टेबलावर रंगीबेरंगी बिल्ल्यांचा ढीग पडला. "नानी, बघ! पन्नास! एकही डबल नाही!" कितीला घेतल्या, असे मी विचारले. चाळीस डॉलर. म्हणजे एक पिन एका डॉलरपेक्षाही कमी.

आपल्याकडे शाळेच्या गणवेशावर बिल्ला लावतात, तशीच ही वस्तू. तिथली मुले तिला पिन म्हणतात. पुढे मिकी माऊस किंवा एखाद्या सिनेमातले पात्र, मागे टोचायची सुई आणि तिच्यावर रबरी टोपी. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ऑक्टोबर १९९९ पासून या पिनांची अदलाबदल सुरू झाली. तिथले काही कर्मचारी गळ्यात पट्टा घालतात आणि त्यावर पिना लावलेल्या असतात. आपल्याजवळची एक द्यायची आणि त्यांच्याकडची आवडलेली एक घ्यायची. पैशांचा व्यवहार नाही. एका कर्मचाऱ्याकडून दिवसाला साधारण दोनच पिना बदलून मिळतात. दुकानात मात्र अशी एक पिन दहा डॉलर किंवा त्याहून महाग मिळते. बदलण्यासाठी भरपूर पिना हव्यात आणि त्या स्वस्त हव्यात, असे प्रत्येक मुलाला वाटते. इंटरनेटवर पन्नास-शंभर पिनांचे लॉट विकणाऱ्यांचा धंदा या इच्छेवरच चालतो.

माझ्या मुलीला शंका आली ती तुलनेमुळे. मागच्या वर्षी पार्कच्या दुकानातून घेतलेली एक पिन घरात होती. नेमके तेच चित्र या ढिगातही निघाले. तिने दोन्ही शेजारी ठेवून मला दाखवल्या. फोनच्या पडद्यावरही फरक दिसत होता. एकीचा निळा गडद होता, दुसरीचा फिका. एकीचा मुलामा सपाट आणि चकचकीत होता, दुसरीच्या मुलाम्यात बारीक खळगे पडले होते. मुलगी म्हणाली की, हातात घेतल्यावर ती हलकीही लागते आणि कडेवर बोट फिरवले तर खरखरते.

अशा पिना येतात कुठून? खऱ्या पिनेसाठी आधी धातूवर ठसा मारतात, मग खोलगट भागांत रंगीत मुलामा भरून तो पक्का करतात आणि घासून चकाकी आणतात. नकली माल दोन वाटांनी येतो. एक तर खऱ्या पिनेवरून नवा साचा बनवून सरळ नक्कल करतात. नाही तर मूळ साच्यातूनच परवानगीशिवाय जास्तीचा माल काढतात किंवा तपासणीत नापास झालेला, मोडीत जायचा माल मागच्या दाराने बाहेर काढतात. म्हणूनच संग्राहक अशा पिनांना 'स्क्रॅपर' म्हणतात. मागे कंपनीच्या हक्काचा शिक्का आहे, एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. साच्याची नक्कल करणारा शिक्क्याचीही नक्कल करतो.

मग ओळखायचे कसे? पुढची बाजू उजेडात तिरकी धरून पाहावी. मुलाम्यात खळगे, बुडबुडे, काळे ठिपके किंवा एका खणातून दुसऱ्यात सांडलेला रंग दिसला की सावध व्हावे. पात्राचे डोळे, ओठ, अक्षरे अशा बारीक जागांवर नक्कल लवकर उघडी पडते. मग पिन उलटी करावी. पुष्कळ पिनांच्या मागे मिकीच्या डोक्याच्या आकाराची बारीक नक्षी असते. खऱ्या पिनेत ती सहसा अगदी कडेपर्यंत जाते. नकलीत अनेकदा कडेने कोरी पट्टी सुटलेली असते. सुईच्या बाजूला पिन फिरू नये म्हणून बारीक टोके असतात, तीही नकलीत कधी कधी नसतात. मात्र यातल्या एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. जुन्या खऱ्या पिनांच्या मागे ही नक्षी नसतेही. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या की समजावे. सर्वांत चांगली कसोटी तीच, जी माझ्या मुलीने केली. खात्रीची एक पिन शेजारी ठेवून पाहणे.

पण माल घरात आल्यावर पारखण्यापेक्षा पैसे देण्याआधी पारखणे शहाणपणाचे. मी मुलीला ती जाहिरात पुन्हा वाचून दाखवायला सांगितली, तेव्हा सगळे तिथेच लिहिलेले निघाले.

पहिली गोष्ट किंमत. दुकानात दहा डॉलरला मिळणारी वस्तू एखादा माणूस पन्नासच्या पन्नास, तीही नवी कोरी, एका डॉलरच्या आत का देईल?

दुसरी, साठा. त्या विक्रेत्याने असे शेकडो लॉट विकले होते आणि अजून शेकडो शिल्लक होते. खऱ्या संग्रहातून विकायला काढलेला लॉट असा नसतो. त्यात डबल पिना असतात, एखादी ओरखडलेली असते, काही जुन्या, काही नव्या. "एकही डबल नाही" हे वाक्य मुलाला मोठे आकर्षण वाटले. खरे तर तोच धोक्याचा इशारा होता.

तिसरी, फोटो. जाहिरातीत फोटोखाली लिहिले होते की, हा फक्त नमुना आहे, मिळणाऱ्या पिना वेगळ्या असतील. ज्या पिना मिळणार त्यांचाच, पुढून आणि मागून काढलेला फोटो मागावा. प्रामाणिक विक्रेता तो पाठवतो. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडावा.

चौथी, शब्द. जाहिरातीत "शंभर टक्के बदलता येतील" असे होते, "अस्सल" असे कुठेही नव्हते. पार्कमधले कर्मचारी लहान मुलांशी सहसा वाद घालत नाहीत, समोर आलेली पिन घेतात. विक्रेता त्याचाच फायदा घेतो. बदलता येणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलीने तक्रार केली. मोठ्या संकेतस्थळांवर अशा तक्रारीसाठी ठरावीक मुदत असते, बहुधा महिनाभराची, आणि ती माल हातात पडल्यापासून मोजतात. म्हणून पार्सल आल्याच दिवशी उघडावे, फोटो काढून ठेवावेत आणि सारा पत्रव्यवहार संकेतस्थळावरच करावा. विक्रेत्याने आधी निम्मे पैसे घेऊन गप्प बसा, असे सुचवले. मुलीने नकार दिला आणि दोन्ही पिनांचे फोटो जोडले. आठवड्यात पूर्ण रक्कम परत आली. माल परत पाठवायला मात्र कोणी सांगितले नाही.

खरा प्रश्न इथे उभा राहिला. पैसेही परत आले आणि पन्नास पिनाही घरातच. नवासा म्हणाला, "आता पार्कमध्ये जाऊन बदलून घेतो. ते नाही म्हणत नाहीत." मुलगीही क्षणभर घुटमळली. म्हणाली, "अम्मी, तिथे सगळेच करतात. कंपनीचे काय नुकसान होणार आहे?"

मला माझ्या अब्बांचे दुकान आठवले. गल्ल्यात खोटा रुपया आला की ते तो पुढच्या गिऱ्हाइकाला सुट्ट्या पैशांत देत नसत. खिळा ठोकून गल्ल्याच्या फळीवर लावून टाकत. आम्ही म्हणायचो, अब्बा, तुम्हालाही कोणीतरी फसवूनच दिला ना? ते म्हणायचे, मला दिला तो माझ्यापाशी थांबला.

मी नवाशाला एवढेच विचारले, "तू पट्ट्यावर लावलेली खोटी पिन पुढे कोण घेणार?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोणीतरी मुलगा." त्या मुलाने आपली खरी पिन देऊन ती घेतलेली असणार. जे आपल्या मुलाच्या बाबतीत घडले, तेच दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत घडणार, आणि या वेळी फसवणारे आपण असणार. नकळत हातात आलेली खोटी वस्तू हे नुकसान आहे. कळल्यावर पुढे सरकवलेली तीच वस्तू हा गुन्हा आहे.

शेवटी त्याने घरातल्या बुचाच्या फळ्यावर त्या पन्नास पिना लावल्या आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले : खोट्या. मित्र आले की तो दोन्ही पिना हातात देऊन ओळखायला सांगतो. परत आलेल्या चाळीस डॉलरांत पार्कच्या दुकानातून खऱ्या पिना आल्या तीनच. पण त्या तो बिनधास्त बदलू शकतो.

आपल्या घरांतली मुलेही आता फोनवरून बिल्ले, नाणी, खेळाडूंची कार्डे असे लॉट मागवतात. भारतात ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याला बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देता येत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण मुलाने मागवण्याआधी पाच मिनिटे त्याच्या शेजारी बसून ती जाहिरात मोठ्याने वाचायला लावली, तर बहुधा या क्रमांकाची गरजच पडणार नाही.