हळदीतले शिसे आणि क्ष-किरण

बांगलादेशाच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले, तेव्हा संशोधक कोड्यात पडले. जवळ कारखाना नाही, मोटारींची वर्दळ नाही. मग शिसे आले कोठून? शोध स्वयंपाकघरातील हळदीपाशी येऊन थांबला. हळकुंडे उजळ दिसावीत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळा रंग त्यांवर चढविला जात होता. १९८० च्या दशकातील पुरानंतर भिजून काळवंडलेला माल खपविण्यासाठी ही प्रथा पडली, असे तेथे सांगतात.

हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घाऊक बाजारातच फिरते न्यायालय नेले. सोबत क्ष-किरणांचे पिस्तुलाएवढे यंत्र होते. त्याचा किरण अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवितो. ती जागा भरताना अणू स्वतःचा क्ष-किरण बाहेर टाकतो, आणि त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहणे नको. (तोवर माल कोठे पोहोचतो, हे बाजार जाणणाऱ्यांस सांगावयास नकोच.) व्यापाऱ्यांना दंड झाला, माल जप्त झाला, वृत्तपत्रांनी ते छापले. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हते. गिरणी-मजुरांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले.

आपल्याकडे मात्र 'ग्राहकाने जागरूक राहावे' हाच उपदेश चालू आहे. ग्राहकाने जागरूक राहावे म्हणजे नेमके काय करावे? शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. बाजारात भाव मिळतो तो रंगाला. म्हणजे विष मिसळणाऱ्यालाच बक्षीस, आणि प्रामाणिकपणे फिकी हळद विकणाऱ्याला तोटा. येथे मागणी-पुरवठ्याचा नियम विषाच्या बाजूने उभा राहतो. त्यात पाकीटबंद माल घेण्याचा सल्ला ज्याला परवडतो त्यालाच उपयोगी. सुटी हळद घेणाऱ्या मजुराच्या मुलाचा मेंदू वाऱ्यावर सोडलेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत किलोमागे एक ग्रॅमहून अधिक शिसे निघाले. कायद्याची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे.

सांगलीच्या पेठेवर येथे कसलाही आरोप नाही. परंतु हळदीच्या एवढ्या मोठ्या पेठेत असे यंत्र शासकीय निरीक्षकाच्या हाती कायम असावे, तपासणी सौद्याच्या वेळी उघड्यावर व्हावी आणि आकडा त्याच दिवशी हमाल, शेतकरी व अडते सर्वांना दिसेल अशा फळ्यावर लिहिला जावा. यंत्राची किंमत काही लाखांत आहे. बाजार समित्यांच्या पुढील बैठकीत कार्यकर्त्यांनी ही मागणी लेखी द्यावी.